धडा : आठ किलो तीनशे

दवाखान्यातला वजनकाटा मला पाहून आधी जरा विचारात पडला, मग त्याने तीन आडव्या रेघा दाखवल्या आणि गप्प बसला. सिस्टरनी मला उतरायला सांगितलं, काटा फडक्याने पुसला, परत चढायला सांगितलं. परत तीन रेघा. "बिघडलाय वाटतं," त्या म्हणाल्या. मनाने चांगल्या होत्या म्हणून म्हणाल्या. मी म्हटलं, "बिघडलेला नाही. हा दीडशे किलोपर्यंतचाच आहे. मागे पट्टीवर लिहिलंय बघा, बारीक अक्षरात. त्याच्यापुढे तो हात टेकतो." सिस्टर वाकून पट्टी वाचायला लागल्या. बाकावर पाचसहा जण बसले होते. त्या सगळ्यांना एकदम आपापल्या मोबाइलमध्ये काम निघालं.

ती पट्टी मला पाठ असायचं कारण सरळ आहे. वजनकाटे दुरुस्त करणं आणि तपासणं हा माझा धंदा. चाळीस वर्षं झाली. लोक मला काटेवाले म्हणतात, पोरंटोरं काटेवाले काका म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्याचं वजन करणाऱ्या माणसाचं वजन कुठल्याच काट्यात मावू नये, ह्यावर लोकांनी विनोद केले नसते तरच नवल. मीही केलेत. आपण आधी केला की दुसऱ्याचा जरा कमी लागतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "काका, वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करायचं तर वजन नोंदवावं लागेल. दर आठवड्याला. मागे एका पेशंटला आम्ही मालाच्या गोदामात पाठवलं होतं. तिथे मोठा काटा आहे."

"त्या गोदामाचा काटा मीच तपासतो," मी म्हटलं. "तिथले हमाल मला नावाने ओळखतात. आता बटाट्याच्या पोत्यांमागे रांगेत उभा राहू म्हणता?"

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे असेलच की मोठा काटा. तुम्हीच दर बुधवारी सकाळी करा, वहीत लिहा, वही मला दाखवा. तुमच्या शब्दावर चालवू."

माझ्या शब्दाला आजवर कुणी एवढं वजन दिलं नव्हतं. मी छाती फुगवून, म्हणजे होती त्याहून फुगवून, हो म्हणालो.

मग त्यांनी अट सांगितली. हे औषध महाग, म्हणून सरकारी योजनेतून मिळतं आणि योजनेचा नियम असा, की सोळा आठवड्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के उतरले पाहिजेत. उतरले तर पुढे चालू. नाही उतरले तर बंद. पहिल्या बुधवारी माझं वजन भरलं एकशे चौसष्ट किलो. पाच टक्के म्हणजे आठ किलो दोनशे. सोळाव्या बुधवारी मला एकशे पंचावन्न आठशेच्या खाली यायचं होतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. सुंदर दिसण्यासाठी नाही. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणासाठी नटायचं? माझी मोठी बहीण, ताई, चौथ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. ताईचं हृदय कमजोर, जिना चढायला-उतरायला डॉक्टरांनी साफ मनाई केलीय. तिचे यजमान गेले, मुलगा परदेशात, म्हणजे फोनपुरता. आणि माझे गुडघे कामातून गेलेले. शेवटचा मी तिच्याकडे निघालो होतो त्याला दोन वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर अडकलो. वर जाववेना, खाली उतरवेना. शेजाऱ्यांनी खुर्ची आणून दिली, तिच्यावर तासभर बसून होतो. ताई वर दारात उभी होती आणि आमच्यामध्ये सतरा पायऱ्या होत्या. कठड्याच्या फटीतून तिला फक्त माझं टक्कल दिसत होतं. म्हणाली, "केस फारच गेले रे तुझे." मग मी उलटा, पाठमोरा, एकेक पायरी करत उतरलो. त्यानंतर आम्ही जवळून भेटलेलो नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणतात, एकशे चाळीसच्या खाली या, मग बोलू. म्हणजे इंजेक्शन, मग गुडघे, मग जिना, मग ताई. हा माझा हिशेब.

तोपर्यंत रविवार होता. रविवारी दुपारी मी दोन थांब्यांची बस धरून तिच्या इमारतीखाली जातो आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. ती खिडकीत येते. एवढ्या अंतरावरून ओरडून बोलणं बरं दिसत नाही म्हणून फोनवर बोलतो, एकमेकांकडे बघत. मग ती टोपली सोडते. खिडकीच्या गजाला कप्पी मीच बसवून दिली होती, चढता येत होतं तेव्हा. टोपलीत तीन कप्प्यांचा डबा. खाली भात, मध्ये भाजी, वर काहीतरी गोड. मी पायरीवर बसून खातो, ती वरून बघते. डबा रिकामा करून टोपलीत ठेवला की ती ओढून घेते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती चौदाची. तेव्हापासून मला खाऊ घालणं हेच तिचं माझ्याशी बोलणं. मी जाड झालो त्यात तिचा वाटा नाही असं म्हणून मी तिचा अपमान करणार नाही.

आता वजन कसं करायचो ते. माझ्या कारखान्यात, म्हणजे जिथे मी पुढे काम करतो आणि मागे राहतो त्या दोन खोल्यांत, पोती तोलायचा तीनशे किलोचा काटा आहे. पण आकडा ठरेपर्यंत त्याच्यावर सरळ उभं राहणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून काट्यावर लाकडी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर ताईने शिवलेली जाड कापसाची गादी. खुर्ची सहा किलो चारशे, गादी एक किलो नऊशे. दोन्ही मिळून आठ किलो तीनशे. आमच्या धंद्यात ह्याला धडा म्हणतात. तेल डब्यासकट तोलायचं असेल तर रिकाम्या डब्याचं वजन आधी करून ठेवायचं आणि मागाहून वजा करायचं, तो धडा. शाळेतला धडा वेगळा, तो मला कधी नीट आला नाही. हा येतो. माझ्या वस्तादांनी पहिले सहा महिने मला दुसरं काही करूच दिलं नव्हतं. भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: धडा ८.३. बुधवारी सकाळी खुर्चीवर बसायचं, आकडा बघायचा, त्यातून धडा वजा करायचा, वहीत लिहायचं, आणि मग फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन काढून पोटात टोचून घ्यायचं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात रेडिओ बंद पडला.

रेडिओ म्हणजे डोक्यातला. माझ्या डोक्यात जन्मभर एक रेडिओ चालू असायचा. सकाळी उठलं की काय खायचं, ते खाताना पुढचं काय खायचं, काट्याचा स्क्रू पिळताना कोपऱ्यावरच्या बेकरीत आत्ता काय निघालं असेल. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात असतो आणि बाकीच्यांना तो बंद करता येतो, मीच नालायक. डॉक्टर बाईंनी सांगितलं, तसं नाही. काही शरीरांना भूक लागल्याचंच कळतं, भागल्याचं कळतच नाही. तो आजार आहे. मी मान हलवली, पण खरं पटलं ते दुसऱ्या आठवड्यात. एका मंगळवारी दुपारचे तीन वाजले आणि माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून जेवलेलोच नाही. कारखान्यात शांत होतं. मी उठून खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटत होतं. चाळीस वर्षं एकटा राहिलो, पण त्या दिवशी घरात पहिल्यांदाच माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

लोकांना वाटतं इंजेक्शन घेतलं की माणूस फुग्यातली हवा सोडावी तसा उतरतो. कोपऱ्यावरचा वाणी तर मला तोंडावर म्हणाला, "सोपा मार्ग धरलात काटेवाले." त्या सोप्या मार्गावर मला महिनाभर मळमळत होतं. ढेकरांना सडक्या अंड्याचा वास यायचा. पोट आठवडाआठवडा साफ व्हायचं नाही. डोस वाढला की दोन दिवस बादली उशाशी. पण उतरत होतं. रोज नाही, मुकाट्याने, दोनशे ग्रॅम, चारशे ग्रॅम. वहीतले आकडे मी पुन्हा पुन्हा वाचायचो.

अवघड होता तो रविवार. तिसऱ्या घासाला घसा बंद व्हायचा. वर ताई खिडकीत. मग मी युक्ती काढली. "ऊन लागतंय, कडेला बसतो," म्हणून इमारतीच्या बाजूच्या गल्लीत जायचो, जिथे तिला दिसत नाही. तिथे कचऱ्याचा मोठा डबा आहे आणि एक नळ आहे. तीनही कप्पे कचऱ्यात रिकामे करायचे, नळाखाली डबा स्वच्छ धुवायचा आणि पुढे येऊन टोपलीत ठेवायचा.

"कसं झालं होतं?" ती फोनवर विचारायची.

"एक नंबर."

"भाजी खारट नाही ना झाली?"

"अजिबात नाही."

खारट होती की अळणी, मला काय ठाऊक. तिला औषधाचं सांगितलं होतं, पण औषधाने भूकच जाते हे सांगितलं नव्हतं. भूक गेली असं सांगितलं तर तिच्याकडे आठवडाभर करायला काय उरेल, ह्याचा मी विचार केला आणि ते तसंच ठेवलं.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात वजन अडलं. एकशे एकसष्ट तीन, एकशे एकसष्ट दोन. बसलं ते हलेचना. डॉक्टर बाईंनी डोस वाढवला. त्याच आठवड्यात खुर्चीवरच्या गादीची शिवण उसवली आणि कापूस बाहेर यायला लागला. ताईला फोनवर बोललो तर ती केवढी खूश झाली. "पाठव की, मी करते. मला काय काम आहे?" रविवारी रिकाम्या टोपलीत गादी घातली. ताईने ती दम खात खात वर ओढली. मला आवाज द्यावासा वाटला, राहू दे म्हणून, पण तोवर गादी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती.

आणि सातव्या बुधवारी काटा उतरला. एकदम दोन किलो तीनशे. एकशे अठ्ठावन्न नऊशे.

मी तीनदा उठून तीनदा बसलो. तोच आकडा. त्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बघा, डोस लागू पडला." मी बस सोडून घरापर्यंत चालत आलो. अर्ध्या वाटेत गुडघ्यांनी शिव्या घातल्या, तरी आलो. पुढचे आठवडे थोडंथोडं उतरत राहिलं. पंधराव्या बुधवारी वहीत लिहिलं, एकशे पंचावन्न पाचशे. रेघेच्या खाली. आता सोळावा बुधवार आला की झालं. मी मनातल्या मनात जिना चढायला लागलो होतो. पहिला मजला, तिथे सायकली. दुसरा, तिथे कुणाच्या तरी कुंड्या. तिसरा, तिथली ती खुर्ची. मग सतरा पायऱ्या.

सोळाव्या बुधवाराआधीच्या रविवारी टोपलीतून डब्याबरोबर गादी खाली आली. नवं कापड, निळं, कडेने दुहेरी टाके. ताई फोनवर म्हणाली, "नऊ आठवडे लागले. दिवसाला एक वीत शिवायची, मग दम लागायचा. हसू नकोस."

मी हसलो नाही. गादी काखेत धरून बसने घरी आलो.

बुधवारी सकाळी गादी खुर्चीवर ठेवली, बसलो, आकडा बघितला, भिंतीवरचा धडा वजा केला. एकशे सत्तावन्न दोनशे.

एका आठवड्यात एक किलो सातशे वाढलो? खाल्लं काय होतं मी? पाव आणि पाणी. काटा तपासला. वीस किलोची वजनं ठेवून बघितली, एकेक करून, सगळी बरोबर. काट्यात खोट नव्हती. मी खुर्चीवरून उठलो आणि उठताना हात गादीवर टेकला, आणि हाताखालची गादी हाताला कळली.

नऊ आठवडे गादी ताईकडे होती. नऊ आठवडे मी नुसत्या लाकडावर बसत होतो आणि वजा करत होतो खुर्ची आणि गादी दोन्ही. जी गादी काट्यावर नव्हतीच, तिचं वजन मी माझ्या अंगातून काढून टाकत होतो. दर बुधवारी, नेमाने, एक किलो नऊशे. कुणी नवशिका उमेदवार असता तर मी त्याला दाराबाहेर काढला असता. वस्ताद असते तर त्यांनी मला काढलं असतं. मी भिंतीवरचा तो खडूचा आकडा तळव्याने पुसला, पुसून काय होणार होतं.

मग गादी काढून परत बसलो. जुनाच धडा वजा केला. एकशे पंचावन्न तीनशे. पास.

वही उघडी होती. दोन आकडे होते माझ्याकडे, एक गादीचा, एक गादीशिवायचा. कुणाला कळणार होतं? दवाखान्याच्या काट्यावर मी मावत नाही. सगळ्या शहरात माझं वजन जाणणारा मी एकटा. मला राग आला होता, त्या पाच टक्क्यांचा. तो नियम करताना कुणी जिना मोजला होता का? मी लिहिलं, एकशे पंचावन्न तीनशे. खाली रेघ मारली आणि निघालो.

दवाखान्यात सिस्टरनी आकडा बघून हात वर केले. "काका! झालं की!" त्यांनी वहीतला आकडा फॉर्मवर उतरवून घेतला. डॉक्टर बाईंनी वही पहिल्या पानापासून चाळली. त्यांना खरंच आनंद झाला होता. म्हणाल्या, "एक विचारू? माझे बरेच पेशंट सहाव्या आठवड्याला असेच अडतात आणि सोडून देतात. तुमचं सातव्यात एकदम सुटलं. नुसत्या डोसने इतकं होत नाही. तुम्ही त्या आठवड्यात काय वेगळं केलंत? मला बाकीच्यांना सांगता येईल."

त्यांनी पेन हातात घेतलं होतं. लिहून घेणार होत्या.

मी त्या पेनकडे बघितलं. मी म्हणालो, "गादी शिवायला पाठवली."

त्या हसल्या. त्यांना वाटलं माझा नेहमीचा विनोद. मी हसलो नाही, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू थांबलं. मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, गादी, धडा, टोपली. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सिस्टर दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

डॉक्टर बाईंनी कागदावर आकडेमोड केली. "म्हणजे उतरलेत सहा किलो आठशे. कमी पडतंय एक चारशे." पेन खाली ठेवलं. "काका, हे मला सांगायला नको होतंत."

"मलाही तसंच वाटतंय," मी म्हटलं.

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. तिथून जरा मोठ्यानेच बोलल्या, माझ्यावर नाही, पण ऐकायला मीच होतो. "ब्लडप्रेशरची गोळी घेऊन प्रेशर थोडंच उतरलं म्हणून कुणी गोळी बंद करतं का? सहा किलो आठशे उतरलेत. उतरलेत ना? पण नाही. इथे माणसाने परीक्षा पास व्हायची." मग परत येऊन बसल्या. फेरविचारासाठी अर्ज करू म्हणाल्या, स्वतः लिहीन म्हणाल्या. समिती बसते, सहा महिने लागतात, कधी जास्त. तोपर्यंत औषध देता येणार नाही. आणि बंद केल्यावर भूक परत येईल, वजनही येईल, त्यात तुमचा दोष नसेल, हे लक्षात ठेवा. त्यांनी हे दोनदा सांगितलं.

सिस्टरनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली पेनं परत फ्रिजमध्ये ठेवली. फॉर्मवरचा आकडा खोडला. माझा हात घट्ट दाबला.

औषध थांबल्यावर तिसऱ्या आठवड्यात रेडिओ परत लागला. कारखान्यात बसून एका डॉक्टरांचा लहान मुलांचा काटा दुरुस्त करत होतो आणि एकदम आठवलं, बेकरीत आत्ता काय निघालं असेल. खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. घरी माणूस आल्यासारखं. अर्ध्या तासाने मी बेकरीतून परत येत होतो, कागदी पिशवी रिकामी होती, आणि मला कळलं की आता जिना काही चढणं होत नाही.

त्या रविवारी मी पायरीवर बसलो. ताई खिडकीत आली. फोन वाजला.

"इंजेक्शन चालू आहे ना रे?"

"चालू आहे."

"उतरतंय?"

"उतरतंय. थोडंथोडं."

चाळीस वर्षांत मी एकाही काट्याला खोटा शिक्का मारला नव्हता. तो तिच्यापुढे मारला. पण काय सांगणार होतो? औषध का बंद झालं असं तिने विचारलंच असतं. आणि ती गादीपर्यंत पोचली असती. दिवसाला एक वीत शिवलेल्या गादीपर्यंत.

टोपली आली. मी ऊन लागतंय म्हणालो नाही. तिथेच पायरीवर डबा उघडला आणि खाल्लं. खालचा कप्पा, मधला, वरचा. भाजी खारट होती. बरीच खारट होती, तिला चव कळेनाशी झाली असावी, आणि हे मला चार महिने ठाऊक नव्हतं. गोड बोटाने पुसून खाल्लं. डबा लावला, टोपलीत ठेवला, दोरी दोनदा हलवली. टोपली वर गेली, थांबत थांबत. मग बराच वेळ खिडकीत कुणी दिसलं नाही.

फोन वाजला.

"अरे," ताई म्हणाली, "आज डबा धुतला नाहीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लहानपणापासून तू डबा पुसून देतोस, धुऊन नाही. बोटांचे ओरखडे असतात आत. मधले चार महिने धुऊन यायचा, चकचकीत. मी म्हटलं, टाकत असेल बिचारा. भूक नसेल लागत. औषधाने असेल." ती दम घ्यायला थांबली. "विचारलं नाही. चालू आहे ना औषध, मग टाकू दे."

मी वर बघत होतो. चौथ्या मजल्यावरचा चेहरा खालून दिसत नाही, नुसता एक ठिपका असतो आणि बाजूला हात.

"बंद झालं ना रे?"

"हो," मी म्हणालो.

का, ते तिने विचारलं नाही. रस्त्याने एक बाई किराणा घेऊन गेली, एक सायकल गेली. मग ताई म्हणाली, "पुढच्या रविवारपासून कमी घालू का?"

बावन्न वर्षांत तिने मला हा प्रश्न विचारला नव्हता. तिला तो विचारणं किती जड गेलं असेल ते मला फोनमधून ऐकू आलं. हो म्हणायला हवं होतं. डॉक्टर बाईंसाठी, गुडघ्यांसाठी, त्या सतरा पायऱ्यांसाठी हो म्हणायला हवं होतं.

"नको," मी म्हणालो. "आहे तेवढंच घाल."

"बरं." आवाज थोडा हलका झाला तिचा. "मीठ बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

"आणि गादी? बसायला बरी झालीय ना? का कापूस कमी पडला?"

"छान झालीय गं. चांगली भरलीयस. वजन आहे तिला."

ती हसली. खालून हसणं दिसलं नाही, फोनवर ऐकू आलं. मग तिने हात हलवला, मीही हलवला, आणि बसची वेळ झाली म्हणून मी दुकानाच्या कठड्याला धरून उठलो.